मिशी, शिंग आणि शृंगिका

दिवाळीआधीची साफसफाई हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला एक वार्षिक उत्सवच असतो. फडताळातले डबे खाली उतरतात, माळ्यावरच्या पेट्या वर्षातून एकदा उजेड पाहतात, आणि अशा वेळी कुठल्या तरी फटीतून दोन लांब, तांबूस केस हळूच बाहेर येतात. नुसते केस, त्यांच्यामागे अजून कोणी दिसत नाही. ते एकदा डावीकडे वळतात, एकदा उजवीकडे, डब्याच्या कडेला टेकतात आणि मागे सरतात. मागाहून झुरळ दिसते, आणि मग घरातले कोणी तरी ओरडते. आमच्या घरी हे काम बहुधा माझ्याकडे असते. पण आपण झुरळाला पाहिले, असे आपल्याला वाटते त्याच्या कितीतरी आधी झुरळाने आपल्याला ओळखलेले असते. त्याने हाती केरसुणी कोणाच्या आहे एवढेच काय ते विचारायचे बाकी ठेवलेले असते.

त्या दोन केसांना मराठीत काय म्हणावे, हा या अंकापुरता माझा विषय आहे. एका शब्दासाठी चार-चार पाने खर्ची घालण्याची माझी खोड या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळी मात्र शब्द मी शोधायला गेलो नव्हतो. तो माझ्या घरी प्रगतिपुस्तकातून चालत आला.

माझी धाकटी सहावीत आहे. सहामाहीच्या पेपरात झुरळाची आकृती होती आणि डोक्यावरच्या त्या दोन अवयवांकडे बाण काढून नाव विचारले होते. तिने लिहिले, ‘मिशा’. बाईंनी लाल शाईने ते खोडून ‘स्पृशा’ लिहिले आणि अर्धा गुण कापला.

“बाबा, पण त्या मिशाच असतात ना?”

“असतात.”

“मग?”

या ‘मग’ला मराठीच्या प्राध्यापकाने उत्तर द्यायला हवे होते. मी चष्मा पुसू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, अर्ध्या गुणासाठी शाळेत भांडायला जाऊ नका. काय लिहायचे ते तुमच्या साप्ताहिकात लिहा!” तेव्हा वाचकहो, तुमच्या माथी हा जो लेख बसला आहे त्याची जबाबदारी नेमकी कोणावर, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. सद्गृहस्थ मोठे नेमके आहेत. चहात साखर किती, हेदेखील ते चमच्याच्या अपूर्णांकात सांगतात. ते म्हणाले, “सर, मिशी केसांची असते. झुरळाची ही वस्तू केसांची नाही. ती पोकळ आहे, सांध्यासांध्यांची आहे, आतून मज्जातंतू गेलेले आहेत. तिला मिशी म्हणणे म्हणजे हाताला बाही म्हणण्यासारखे आहे.”

“मग म्हणायचे काय?”

“शाळेत स्पृशा म्हणतात. विश्वकोशाच्या पानांत ‘शृंगिका’ सापडेल तुम्हाला. शृंग म्हणजे शिंग; शृंगिका म्हणजे लहानसे शिंग.”

“पण सर, शिंग तरी सांध्यासांध्यांचे कुठे असते?”

यावर ते हसले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला. पहिल्या फेरीत बरोबरी झाली, असे मी समजतो.

आता हे शिंग आले कोठून? ते आपल्याकडचे नाही. ते ग्रीसहून आले. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी लिहिताना नोंदवून ठेवले की, काही कीटकांना डोळ्यांच्या पुढे शिंगांसारखे अवयव असतात. फुलपाखराचे उदाहरण त्याने दिले आहे. त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘केराइआ’. मूळ शब्द शिंगाचा; पण खलाशी लोक तोच शब्द गलबतावरच्या एका काठीलाही वापरत. डोलकाठीला तिरपी बांधलेली आणि शीड जिला लटकते ती लांब काठी. कोकणच्या किनाऱ्यावर जुनी शिडाची गलबते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे ती लगेच येईल.

पुढे अठराशे वर्षे उलटली. थेओदोरस गाझा नावाचा एक ग्रीक पंडित इटलीत जाऊन स्थायिक झाला आणि त्याने ॲरिस्टॉटलचे प्राणिविषयक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ते व्हेनिसमध्ये १४७६ साली छापून निघाले. भाषांतर करताना ‘केराइआ’पाशी तो थांबला असणार. शिंग म्हणावे की शिडाची काठी? त्याने काठी निवडली. लॅटिनमध्ये त्या काठीला म्हणत ‘अँटेना’. एका भाषांतरकाराने एका दुअर्थी शब्दाचा दुसरा अर्थ घेतला आणि जगातल्या यच्चयावत कीटकांच्या डोक्यावर गलबताची काठी बसली! भाषांतर हा गरिबाचा धंदा आहे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मला स्वतःला गाझाची निवड फार आवडते. मधोमध देह आणि पुढे झुकलेल्या दोन लांब काठ्या. समुद्रावरचे गलबत दुरून पाहिले तर किड्यासारखे दिसतेच.

गोष्ट इथे संपत नाही. इटालियन भाषेत ‘अंतेन्ना’ म्हणजे कोणताही उंच खांब. १८९५ साली मार्कोनीने बिनतारी संदेशाचे प्रयोग करताना उंच खांबावर तार चढवली, आणि खांबाचे नाव तारेला चिकटले. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले, आणि मग चाळींच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काटक्यांचे ते झाड उगवू लागले. माझ्या लहानपणी रविवारी संध्याकाळी सिनेमा ऐन रंगात आला की पडद्यावर मुंग्या येत. मग एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात आणि एक जण टीव्हीपुढे अशी साखळी उभी राहायची. “आला का?” “नाही!” “आता?” “थोडा डावीकडे!” बहुतेक वेळा वर कावळा बसलेला असे. अँटेना हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो आणि तो गच्चीवरच्या काटक्यांचाच आहे अशी आमची पक्की समजूत होती. पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले की इंग्रजीत झुरळालाही अँटेना असते. तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, “अरे, झुरळाने ही कल्पना टीव्हीवरून उचलली की काय!”

मराठीने इथे वेगळे केले. आपल्या विश्वकोशकारांनी रेडिओच्या अँटेनाला ‘आकाशक’ म्हटले आणि किड्याच्या अँटेनाला ‘शृंगिका’. इंग्रजीत जी दोन घरे एका छपराखाली होती ती आपण विभक्त केली. वाटणी न्यायाने झाली. पण दोन्ही घरांत राहायला कोणी गेले नाही. ‘आकाशक’ गच्चीवर चढला नाही आणि ‘शृंगिका’ फडताळामागे शिरली नाही.

शृंगिकेवर माझा एक नेमका आक्षेप आहे आणि तो मी प्राणिशास्त्राच्या मित्रांपुढे दुसऱ्या चहाच्या वेळी मांडला. कोकणात नारळाच्या बागांना एक भुंगा उपद्रव देतो. तो झाडाच्या शेंड्यातला कोंब पोखरतो. मग नवी झावळी उलगडते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. त्याच्या डोक्यावर मागे वळलेले एक खरेखुरे, टणक शिंग असते. म्हणून बागाईतदार त्याला ‘गेंड्या भुंगा’ म्हणतात. आता या गेंड्या भुंग्याला शिंग आहे आणि शृंगिकाही आहेत! शिंग आहे ते शृंगिका नव्हे. आणि शृंगिका आहेत त्या शिंगासारख्या मुळीच दिसत नाहीत. त्या आखूड असतात आणि टोकाला पातळ पाकळ्यांचा बारीकसा पंखा असतो. पोराने पेपरात काय लिहायचे? शिंगाला शृंग आणि पंख्याला शृंगिका? अशा वेळी मला त्या बागाईतदाराचा हेवा वाटतो. त्याने एकदा नीट पाहिले आणि नाव ठेवले.

मित्र म्हणाले, “नावावर जाऊ नका. ती वस्तू काय काय करते ते पाहा, म्हणजे कोणतेच नाव पुरे पडत नाही हे कळेल.” आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकताना माझा दुसरा चहा निवून गेला.

अँटेनाचे तीन भाग. डोक्याला लागून एक दांडा, त्यावर एक लहान पेर, आणि त्यापुढे लांब चाबूक. झुरळाच्या त्या चाबकात शंभर-दीडशे कडी असतात. झुरळ अंधारात भिंतीकडेने भरधाव धावते, ते हा चाबूक भिंतीला घासत. वळण आले की काठीने चाचपणाऱ्या अंध माणसासारखे, पण माणसाहून किती तरी चपळाईने ते वळते. इथपर्यंत ‘स्पृशा’ शब्द बरोबर आहे. पण त्याच चाबकावर सूक्ष्म रोमांची दाटी असते, आणि त्यांतले कित्येक वास घेण्यासाठी असतात. झुरळाचे नाक ते हेच! धाकटीने मला विचारले होते, “बाबा, स्पृशा म्हणजे हात लावायला; मग त्याचे नाक कुठे असते?” पुस्तकात बाण नव्हता. कारण नाकाचा आणि स्पृशेचा बाण एकाच जागी जातो.

तुम्ही झुरळाला नीट निरखले असेल, नसेल. पण ते थांबले की पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढते आणि मुळापासून टोकापर्यंत तोंडातून काढते. मग दुसरी. कशासाठी? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनी २०१३ साली याचा छडा लावला. झुरळाच्या अंगावर मेणासारखा चिकट थर सतत पाझरत असतो. तो मिशीवर साचला की वासाची छिद्रे बुजतात. ज्या झुरळांना मिशी साफ करू दिली नाही त्यांची वास घेण्याची शक्ती मंदावली. आपल्याकडे घरात खायला नसले तरी मिशीला तूप लावून हिंडण्याची रीत आहे. झुरळाचे तंत्र नेमके उलटे. ते मिशीचे तूप खरवडून काढते, आणि म्हणूनच त्याला आपल्या स्वयंपाकघरातले खरे तूप सापडते.

मिशांच्या बाबतीत आमच्या कोकणातल्या आत्याचा अधिकार मोठा. गेली साठ वर्षे तिने कोळंबी सोलली आहे. हा वाद तिच्या कानावर गेला तेव्हा फोनवर म्हणाली, “अरे, कोळंबीला चार मिशा असतात. दोन लांब आणि दोन दुहेरी, आखूड. झुरळाला दोनच. कोळ्याला एकही नाही. यात शिकवायचे काय एवढे?” मी हे प्राणिशास्त्राच्या मित्रांना सांगितले तर त्यांनी खुर्चीतून उठून मला हात दिला. कवचधारी जलचरांना दोन जोड्या, कीटकांना एक जोडी, कोळी आणि विंचवांना शून्य, हे वर्गीकरणाचे सूत्र पहिल्या वर्षाच्या मुलांना ते दर जूनमध्ये शिकवतात. आत्या जुन्या काळची सातवी आहे.

आता डास. डासाला मी कधी सहानुभूतीने पाहीन असे मला वाटले नव्हते. पण भिंग घेऊन पाहिले तर नराच्या मिशा दाट, पिसासारख्या झुबकेदार असतात आणि मादीच्या विरळ. चावते ती मादी. म्हणजे डासांत झुबकेदार मिशीवाला निरपराध असतो आणि बिनमिशीची रक्त पिते. (हे वाक्य घरी वाचून दाखवलेले नाही.) बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन नावाच्या डॉक्टरने १८५५ साली डासाच्या मिशीच्या बुडाच्या पेरात एक गुंतागुंतीचे इंद्रिय पाहिले आणि हा कान असावा असे लिहिले. लोकांनी मान हलवली असेल. १८७४ साली अमेरिकेतल्याच आल्फ्रेड मेयर या पदार्थवैज्ञानिकाने नर डास काचेवर चिकटवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शेजारी नादकाटे वाजवले. एका ठरावीक स्वराला मिशीवरचे काही केस थरथरू लागले; दुसऱ्या स्वराला दुसरे. मादीच्या पंखांची गुणगुण सेकंदाला चारशे-पाचशे कंपनांच्या घरात असते. नराच्या मिशीचे झुबके ती टिपतात. आपल्या कानाशी जी भुणभुण झाली की आपण उशी डोक्यावर घेतो, ती त्याच्या कानी सनईसारखी लागत असली पाहिजे. कान मात्र डोक्याच्या कडेला नाही, मिशीच्या बुडाशी!

तेव्हा हात म्हणा, नाक म्हणा, कान म्हणा, सारे एका काडीत. मित्र एवढ्यावर थांबले नाहीत. उत्तर अमेरिकेत मोनार्क नावाची नारिंगी फुलपाखरे थंडीपूर्वी हजारो मैल उडत मेक्सिकोतल्या डोंगरांत जातात. सूर्य पाहून ती दिशा ठरवतात. पण सूर्य दिवसभर सरकतो, तेव्हा घड्याळही हवे. २००९ साली अमेरिकन संशोधकांना आढळले की हे घड्याळ मिशीत आहे. मिशांवर काळा रंग फासला, उजेड अडवला, की फुलपाखरे चुकीच्या दिशेला उडू लागली. पारदर्शक रंग लावलेली बरोबर गेली. “आता सांगा,” मित्र म्हणाले, “याला मराठीत काय म्हणाल? मनगटी मिशी?”

हे सगळे ऐकून मी घरी आलो आणि फाब्रचे पुस्तक काढले. झाँ-आँरी फाब्र हा फ्रान्समधला गरीब शाळामास्तर. आयुष्यभर किड्यांकडे पाहत बसला आणि १९१५ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वारला. त्याच्या घरी मे महिन्यातल्या एका सकाळी मोर-पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. ‘मोर’ हे नाव पंखांवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांवरून. त्याने तिला जाळीच्या टोपीखाली ठेवले. त्या रात्री त्याचा मुलगा ओरडत आला. घरात पाखरांएवढे पतंग घुसले होते. वर जाऊन पाहतात तो जाळीभोवती चाळीसएक नर घिरट्या घालत आहेत. काळोखी रात्र, आकाश ढगाळलेले, घराभोवती झाडांची दाटी. पुढच्या आठ रात्रींत दीडशे आले. यांना कोणी सांगितले? प्रत्येक नराच्या कपाळावर दोन सुंदर पिसांसारख्या मिशा होत्या.

फाब्रला वाटले, वास असणार. मग त्याने खोलीत डांबरगोळ्यांचा भपका केला. आपण ट्रंकेत ठेवतो त्याच. नर आले. मादीला काचेत हवाबंद ठेवले. डोळ्यांना ती स्पष्ट दिसत असूनही एकही आला नाही. दुसऱ्या एका जातीच्या पतंगांवर केलेला प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. मादीला काचेखाली खिडकीशी ठेवली, आणि रात्रभर ती जिथे बसली होती ते वाळूचे तबक दूर कोपऱ्यात सारले. दुपारी नर आले, ते काचेतल्या मादीवरून सरळ पुढे गेले आणि रिकाम्या तबकावर तुटून पडले. काही सेकंद मला त्या मादीच्या जागी बसून पाहावेसे वाटले. फाब्रने पुराव्यांचा असा डोंगर उभा केला, तरी ज्या वासाचा एक कणही माणसाच्या नाकाला कळत नाही तो मैलोगणती पसरतो हे मानणे त्याला जड गेले. पुराव्यापुढे असे अडखळणारे शास्त्रज्ञ मला अधिक विश्वासाचे वाटतात.

तो वास बाटलीत पकडला गेला १९५९ साली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बूटेनान्ट याने वीस वर्षे खपून, पाच लाख रेशमी पतंगांच्या माद्या वापरून, त्यांच्या शरीरातून काही मिलिग्रॅम द्रव्य वेगळे केले. मिलिग्रॅम म्हणजे केशराच्या काडीएवढेही नव्हे. पुढच्या काही वर्षांत त्याच्याच देशबांधवांनी दाखवले की नराच्या मिशीवरच्या एका रोमाला या द्रव्याचा एकच रेणू लागला तरी आतल्या मज्जातंतूत झटका उमटतो. एकच! भाषेत आपण ‘कणभर’ म्हणतो. इथे कणही फार मोठा झाला.

आता हे सारे फ्रान्स-जर्मनीचे कौतुक झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. माझ्या वर्गात यवतमाळ जिल्ह्यातला एक मुलगा आहे. द्वितीय वर्ष, मराठी विशेष. पारिभाषिक शब्द कसे घडतात यावर मी बोलत होतो आणि फळ्यावर उदाहरणादाखल ‘कामगंध’ लिहिले होते. शास्त्रज्ञ ज्याला फेरोमोन म्हणतात त्यातल्या नर-मादीच्या हाकेला मराठीत कोणी तरी हा शब्द काढला. तो मुलगा उभा राहिला. “सर, आमच्या शेतात आहे.”

“काय आहे?”

“कामगंध सापळा. एकरी दोन.”

मग वर्गाला त्यानेच शिकवले. मी पहिल्या बाकावर बसलो. कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी शिरते. ती आत असते, बाहेरून बोंड ठीक दिसते, आणि फुटल्यावर कापूस किडका निघतो. अळी होण्याआधी तिचे आईबाप बारीक, मळकट रंगाचे पतंग असतात आणि रात्री उडतात. सापळा म्हणजे प्लॅस्टिकचे नरसाळे, खाली लांब पिशवी, आणि वर टांगलेला रबराचा एक बारका तुकडा. त्या तुकड्यात मादीच्या वासाची हुबेहूब नक्कल भरलेली असते. ते द्रव्य १९७३ साली ओळखले गेले. माणसाला तो वास येत नाही. नराच्या मिशीला येतो. तो येतो, नरसाळ्यात घसरतो. सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक निघाले तर फवारणीचा विचार करायचा. नाही निघाले तर थांबायचे.

“थांबायचे,” हा शब्द त्याने जरा जोर देऊन उच्चारला, आणि मला १९५९पेक्षा २०१७ साल आठवले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात भिनून वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले. त्याच्या गावातले दोघे दवाखान्यात होते. पंप पाठीवर घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरायचे, तेही गरज आहे की नाही हे न कळता. वर्गात कोणी बोलले नाही. गरज आहे की नाही, हे सांगणारी वस्तू त्या बारक्या पतंगाच्या कपाळावर आहे. आणि तिला त्याच्या वडिलांच्या घरी काय म्हणतात, हे मी त्याला विचारले.

“मिशी,” तो म्हणाला. “बाबा म्हणतात, मिशीला वास लागला की येते लेकाचं.”

मिशी केसांची असते, हा आमच्या मित्रांचा मुद्दा मला मान्य आहे. पुस्तकात ‘स्पृशा’ राहू द्या. शब्द लहान आहे, मुलांच्या जिभेवर बसतो, आणि बाईंना तपासायला सोपा. शृंगिकेला मात्र आता सन्मानाने निवृत्त करावे, कारण शिंग तिला कधी नव्हतेच. पण ‘कामगंध’ रानात गेला आणि ‘आकाशक’ गच्चीवर गेला नाही, यात पंडितांनी पाहण्यासारखे काही आहे, असे मला वाटते. दोन्ही संस्कृतच, दोन्ही घडवलेलेच. एकाची गरज शेतकऱ्याला सकाळी सहा वाजता पडते.

गेल्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा भेटला. वडील रोज सकाळी आकडा कळवतात आणि हा तो वहीत उतरवतो. मी वही पाहिली. मराठी साहित्याच्या टिपणांच्या मागच्या पानावर पेन्सिलीने तारखा होत्या आणि पुढे: पाच, सात, चार, नऊ, नऊ, सहा. त्या आठवड्यात त्यांनी फवारणी केली नाही.